‘त्वचा सगळ्यांची सारखीच’ म्हणणाऱ्या ताईंना उत्तर

ताई, तुमची कमेंट मोठी आहे आणि मनातून आलेली आहे, त्यामुळे खाली दोन ओळी टाकून मोकळं व्हायला मन तयार होईना, म्हणून हे सविस्तर लिहून राहिले. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेची काळजी गोऱ्या कातडीच्या हिशोबाने घेऊ नये. त्यावर ताईंचं म्हणणं असं की हा विज्ञानाच्या नावाखाली रंगभेदच झाला, त्वचा सगळ्यांची सारखीच असते, ‘भारतीय त्वचेसाठी खास’ वगैरे कंपन्यांनी माल खपवायला काढलेलं आहे, आपल्या आज्या नागपूरच्या उन्हात सनस्क्रीनशिवाय जगल्याच ना, आणि मेलॅनिन, म्हणजे त्वचेतलं रंगद्रव्य, हेच देवाने दिलेलं सनस्क्रीन. शेवटी त्यांनी विचारलं की माझी मुलगी दहावीत आहे, रंगाने सावळी आहे, पिंपल्स गेले तरी डाग जात नाहीत, मैत्रिणी रोज नवीन क्रीम सुचवतात, मग तिला काय सांगू मी, की तुझी कातडीच प्रॉब्लेम आहे?

नाही ताई, असं तिला चुकूनही सांगू नका. तिच्या कातडीत काहीही कमी नाही. पण बाजारात तिच्यासमोर जे मांडून ठेवलंय त्यातलं बरंचसं तिच्यासारख्या त्वचेवर नीट तपासलेलंच नसतं, आणि हे कोणी बोललंच नाही तर त्रास तिलाच होणार. मी डॉक्टर नाही, मेडिकलच्या काउंटरवर बसणारी फार्मासिस्ट आहे, पण चेहरे आणि ट्यूबा दोन्ही रोज माझ्यासमोर येतात, म्हणून या विषयात मला गप्प बसवत नाही.

आधी जिथे आपलं जमतं ते बोलू. जात, धर्म, वंश, देश यावरून त्वचेचे गट पाडणं मलाही मान्य नाही. रंग तयार करणाऱ्या पेशी, म्हणजे मेलॅनोसाइट, गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात जवळपास सारख्याच संख्येने असतात, हे ऐकून बऱ्याच लोकांना खरं वाटत नाही. फरक असतो तो त्या पेशी मेलॅनिनचे जे कण बनवतात त्यांच्यात. सावळ्या त्वचेत हे कण आकाराने मोठे, सुटे सुटे पसरलेले आणि वरच्या थरापर्यंत टिकणारे, तर गोऱ्या त्वचेत लहान, पुंजक्यापुंजक्यात आणि वर येता येता मोडून जाणारे. हे कण पेशीच्या केंद्रावर छत्री धरल्यासारखे बसतात आणि आतल्या डीएनएला उन्हापासून सांभाळतात. बस, मूळ फरक एवढाच.

आणि हा फरक देशाच्या सीमेवर थांबत नाही. २००५ साली झेब्राफिश नावाच्या छोट्या माशावर काम करताना एसएलसी-२४-ए-५ हे जनुक रंगाशी जोडलेलं सापडलं, आणि २०१३ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इतर देशांतल्या सहकाऱ्यांसोबत दाखवलं की भारतातल्या लोकांच्या रंगात जो फरक दिसतो त्यात या जनुकातल्या एका बारीक बदलाचा ठळक वाटा आहे, तोच बदल युरोपातल्या लोकांतही आहे आणि दोघांकडे तो एकाच मुळातून आलाय. त्याचं प्रमाण आपल्याकडे प्रदेशागणिक, समाजागणिक कमी-जास्त. एका आईच्या दोन मुली, एक उजळ एक सावळी, हे तर आपल्या घराघरात आहे, मग सव्वाशे-दीडशे कोटी लोकांची मिळून एकच ‘इंडियन स्किन’ कुठून येणार? त्या लेबलला माझा तुमच्याइतकाच विरोध आहे.

अमुक वंशाची त्वचा कोरडी, तमुक वंशाची नाजूक असं जे लिहिलेलं सापडतं त्याचीही तीच गत. त्वचेतून किती पाणी उडतं, त्यात सेरामाइड (ओलावा धरून ठेवणारा स्निग्ध घटक) किती असतं यावरचे बरेच अभ्यास थोडक्या लोकांवर झालेले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. १९९५ चा सॅन फ्रान्सिस्कोमधला एक अभ्यास मला फार आवडतो. त्यांनी त्वचेवर चिकटपट्टी लावून लावून काढली आणि वरचा संरक्षक थर किती पट्ट्यांत निघतो आणि परत किती वेळात भरून येतो ते मोजलं. गडद त्वचेचा थर काढायला जास्त पट्ट्या लागल्या आणि तो भरूनही लवकर आला. पण सारख्याच रंगाचे गोरे लोक आणि आशियाई लोक समोरासमोर ठेवले तर काहीच फरक नाही! म्हणजे वंशाला अर्थ नव्हता, रंगाला होता. आणि हवामानाला तर आहेच, तीच मुलगी नागपूरहून मुंबईला होस्टेलला गेली की तिची त्वचा बदलते, कारण इथे एप्रिल-मेच्या दुपारी हवेत ओलावाच नसतो आणि तिथे घाम वाळत नाही.

आता जिथे आपलं जमत नाही तिथे येते. ‘सगळी त्वचा सारखीच’ हे वाक्य ऐकायला मोठं न्यायाचं वाटतं, पण प्रत्यक्षात ‘सारखी’ म्हणताना माप कोणाचं धरलं जातं? गोऱ्या त्वचेचं. बोटाला लावतो ते ऑक्सिमीटर आठवा, कोरोनात घराघरात घेतलं होतं. ते यंत्र बोटातून प्रकाश सोडून ऑक्सिजन मोजतं, आणि २०२० च्या शेवटी मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं की रक्तातला ऑक्सिजन खरोखर कमी असतानाही यंत्राने तो ठीक दाखवल्याच्या चुका काळ्या पेशंटमध्ये गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होत्या. यंत्र बनवणाऱ्याने कोणाचा द्वेष केला असेल असं मी म्हणत नाही, सगळ्यांची बोटं सारखीच धरली एवढंच. तसंच पुस्तकात लिहिलेलं असतं ‘त्वचा लाल होते’, पण सावळ्या बाळाच्या अंगावरचा एक्झिमा, म्हणजे खाजरा इसब, लाल नाही दिसत, तो जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसतो, आणि आई म्हणते काही नाही, उन्हाने काळवंडलंय. त्यात उपचाराला उशीर होतो.

डॉक्टर लोक वापरतात ती फिट्झपॅट्रिकची पट्टीही बघा. १९७५ साली हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी ती सोरायसिस या त्वचारोगाच्या पेशंटला यूव्ही, म्हणजे अतिनील, किरणांचा डोस ठरवायला काढली, उन्हात गेल्यावर तुम्ही भाजता की रापता या प्रश्नावर. सुरुवातीला त्यात चारच प्रकार होते, तेही गोऱ्या लोकांचे, तपकिरी आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडला. आपण बहुतेक चौथ्या-पाचव्यात येतो. म्हणजे जगातली कितीतरी माणसं त्या पट्टीत मागाहून आली, आणि तुम्ही मला म्हणता की फरकाचा विषयच काढू नको. कसा नको काढू ताई?

आता आजीचं आणि मेलॅनिनचं. मेलॅनिन संरक्षण देतं हे शंभर टक्के खरं. १९७९ साली एका अमेरिकन अभ्यासात मोजलं होतं, काळ्या लोकांच्या वरच्या त्वचेचं स्वतःचं संरक्षण साधारण एसपीएफ १३ (सनस्क्रीनवर छापतात तो संरक्षणाचा आकडा) इतकं आणि गोऱ्यांचं ३ च्या थोडं वर. आपण अध्येमध्ये कुठेतरी. म्हणूनच आपल्याकडे त्वचेचा कॅन्सर गोऱ्या लोकांच्या मानाने खूप कमी आहे आणि त्या भीतीने तुमच्या मुलीने सनस्क्रीन लावावं असं मी कधीच म्हणणार नाही. (तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली नवीन काळा डाग येऊन वाढत असेल तर मात्र दाखवायचाच, गडद त्वचेत मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा एक घातक कॅन्सर, झाला तर तो बरेचदा अशा जागी होतो.) आणि आज्यांचं म्हणाल तर त्या डोक्यावरून पदर घेऊन राहायच्या आणि जमेल तशी दुपार घरात काढायच्या, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, तर कोणी बाहेर पडूच द्यायचं नाही. ज्यांना शेतात निंदायला जावंच लागायचं त्यांचे गाल आठवा. वांग, म्हणजे गालावरचे काळपट चट्टे, होताच की, फक्त त्याचं कोणी काही करायचं नाही.

इथे मुद्दा थोडा खोलात सांगते कारण नागपूरच्या मुलींसाठी हाच सगळ्यात कामाचा आहे. सनस्क्रीनवरचा एसपीएफचा आकडा कसा काढतात माहिती आहे का? गोऱ्या-उजळ त्वचेच्या माणसांच्या पाठीवर सनस्क्रीनचा ठरलेला जाड थर लावतात, कृत्रिम ऊन देतात आणि त्वचा लाल व्हायला किती वेळ जास्त लागला ते बघतात. म्हणजे तो आकडा लालीचा आहे. आपली तक्रार काय असते? आपण लाल कुठे होतो, आपण काळवंडतो, डाग गडद होतात, वांग परत येतो. आणि काळवंडायला फक्त यूव्हीबी, म्हणजे भाजून लाल करणारा यूव्हीचा प्रकार, लागत नाही, यूव्हीए हा दुसरा प्रकार पण पुरतो, जो खिडकीच्या साध्या काचेतून आत येतो. त्याहून पुढची गोष्ट, २०१० मध्ये डेट्रॉइटच्या संशोधकांनी नुसता डोळ्यांना दिसणारा उजेड, यूव्ही नाहीच, तो त्वचेवर सोडून बघितला. चौथ्या ते सहाव्या प्रकारच्या त्वचेवर डाग पडला आणि तो दोन आठवडे टिकला, पण दुसऱ्या प्रकारच्या गोऱ्या त्वचेवर काहीच उमटलं नाही. आता सांगा, ज्यांच्या त्वचेवर हा प्रकार घडतच नाही त्यांच्या मापाने बनवलेल्या बाटलीत यावरचा उपाय कशाला असणार?

उपाय आहे, आणि तो स्वस्तातलाही मिळतो. लोह ऑक्साइड, म्हणजे पिवळे, लाल, काळे रंगकण, हे टाकलेलं टिंटेड सनस्क्रीन दिसणारा उजेड बराच अडवतं आणि वांग परत येणं कमी करतं असं अभ्यासात दिसलंय. वर त्याने चेहरा राख फासल्यासारखा पांढरा पण दिसत नाही, ज्या कारणाने आपल्या पोरी सनस्क्रीन फेकून देतात. स्कूटीवर जाताना चेहऱ्याभोवती गुंडाळलेला स्कार्फ आणि अंगात सनकोट, ही आपल्याकडची पद्धत तर उत्तमच, गडद रंगाचा घट्ट विणीचा स्कार्फ असेल तर अजून चांगला. मोबाईलच्या उजेडाने काळं पडतं म्हणून जे क्रीम विकून राहिले ते घेऊ नका, स्क्रीनचा उजेड सूर्यापुढे नगण्य आहे. आणि व्हिटॅमिन डी म्हणाल तर सावळ्या त्वचेला ते बनवायला जास्त ऊन लागतं हे खरंच आहे, कमी असेल तर डॉक्टर गोळ्या देतात, त्यासाठी चेहऱ्यावरचे डाग वाढवायची गरज नाही.

आता कंपन्यांचं. तुम्ही म्हणता फरक-फरक करून माल खपवतात. मी रोज उलटं बघते. इथे सगळ्यात जास्त नुकसान त्या क्रीमने होतं जे फरक समजावून सांगतच नाही, नुसतं गोरं करायचं वचन देतं. काउंटरवर पोट्टी येते, हातात पिळून पिळून चपटी झालेली ट्यूब, म्हणते हीच द्या, मैत्रिणीने सांगितली, खूप मस्त आहे. मी ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचते. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. म्हणजे डाग फिके करणारं एक औषध, कातडी सोलणारं दुसरं आणि वर स्टिरॉइड. मग तिच्याकडे बघते तर गाल तुकतुकीत, इतके पातळ की आतल्या लाल बारीक शिरा दिसतात, ओठाच्या वर दाट लव आलेली, हनुवटीवर बारीक पुरळ. तिला वाटतं पुरळ क्रीम बंद केल्यामुळे आलं. तेही खरंच आहे, सोडलं की आग, लाली, पुरळ उसळून येतं, म्हणून ती परत लावते, आणि त्यातच महिने जातात. हे औषध वांगासाठी डॉक्टर देतात, ठरावीक आठवडे, नजरेखाली. रोज लावायचं फेअरनेस क्रीम नाही ते. याच त्रासावर आपल्याच देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी आवाज उठवला आणि २०१८ मध्ये सरकारने १४ स्टिरॉइड क्रीम शेड्यूल एच मध्ये टाकल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत. मी देत नाही, त्यावरून भांडणं होतात, पण कुठून ना कुठून मिळूनच राहिल्या आहेत हे मला माहिती आहे.

हायड्रोक्विनोन पण कित्येक महिने मनाने लावत राहिलं तर उलटतं, चेहरा निळसर काळा पडू शकतो आणि तो डाग सहजासहजी जात नाही. १९७५ सालीच दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी असे चेहरे नोंदवले होते, गोरं व्हायला म्हणून लावलेल्या क्रीमने काळे पडलेले. आणि बिनानावाच्या डब्यांबद्दल तर विचारूच नका, आपल्याच विदर्भात, अकोल्याच्या एका घरातल्या बायकांच्या किडन्या बिघडल्याची बातमी आली होती आणि मुंबईच्या डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. पारा कातडीतून आत जातो ताई, मेलॅनिन बनणं थांबवतो आणि किडनीत जाऊन बसतो. ज्या समाजात स्थळाच्या बायोडेटात रंग लिहावा लागतो तिथे असे डबे विकायला जाहिरातही लागत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

मागच्या लेखात पार्लरमधल्या लेझरबद्दल पण एवढ्यासाठीच लिहिलं होतं मी. केस काढायचं लेझर केसातलं मेलॅनिन बघून मारा करतं, पण सावळ्या त्वचेत मेलॅनिन वरच असतं, मग मशीन चुकीचं असेल किंवा चालवणाऱ्याला समजत नसेल तर केसाआधी कातडीच भाजते. १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर आपल्यासाठी त्यातल्या त्यात सुरक्षित, कारण ते वरच्या मेलॅनिनमध्ये कमी अडकतं. पैसे भरायच्या आधी हे विचारणं आपला हक्क आहे.

आता तुमच्या मुलीचं. गोऱ्या मुलीला पिंपल येऊन गेलं तर लाल ठिपका राहतो आणि हळूहळू जातो. तुमच्या मुलीच्या त्वचेत सूज आली की मेलॅनोसाइट जागे होतात आणि जास्तीचा रंग तिथेच सोडतात, म्हणून तपकिरी डाग. तो वरच्या थरात असेल तर काही महिन्यांत जातो, खाली उतरला तर राखाडी दिसतो आणि त्याला वर्षही लागू शकतं. म्हणजे तिचं पहिलं काम डाग घालवणं हे नाही, पहिलं काम नवीन पिंपल थांबवणं आणि कातडीला चिडवणं बंद करणं. संत्र्याच्या सालीची पावडर घासणं बंद, आपल्या गावची असली तरी. लिंबाचा रस लावून उन्हात जाणं तर बिलकुल नाही, त्याने भाजल्यासारखे फोड येऊन काळे पट्टे राहतात. पिंपल फोडणं बंद. इंटरनेटवर बघून जोरदार टक्केवारीचं अ‍ॅसिड रोज रात्री फासणं बंद, कारण जी जळजळ गोऱ्या बाईच्या गालावर दोन दिवसांची लाली देऊन जाते तीच हिच्या गालावर चार महिन्यांचा डाग ठेवून जाते.

सौम्य फेसवॉश, हलकं मॉइश्चरायझर (आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तेलकट त्वचेलाही लागतं), सकाळी टिंटेड सनस्क्रीन नीट भरपूर लावणं, शाळेतून यायच्या वेळी स्कार्फ. पिंपल्ससाठी डॉक्टर बहुतेक अ‍ॅडापलीन देतील, ते वाटाण्याएवढं पूर्ण चेहऱ्याला, सुरुवातीला एक रात्र आड करून, आणि फरक दिसायला दोन-तीन महिने जातात हे तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पंधरा दिवसांत मैत्रिणीची ट्यूब घरात येते. अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड पिंपल आणि डाग दोन्हीवर चालतं आणि आपल्या त्वचेला बरं मानवतं, तेही विचारा. मान मागून काळी, जाडसर, मखमली दिसत असेल, काखेतही तसंच असेल तर ती मळ समजून घासू नका, तो बरेचदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याचा इशारा असतो, शुगर तपासायला सांगा आणि पाळी वेळेवर येते का तेही डॉक्टरांना सांगा. कपाळावर टिकलीच्या जागी पांढरं पडत असेल तर टिकली बंद करून लगेच दाखवा, काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनाने तिथला रंगच जातो.

खाजगीत जाणं परवडत नसेल तर नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी दवाखान्यांत स्किनची ओपीडी आहे, सकाळी लवकर जा. जाताना तिने आजवर जे जे लावलं त्या सगळ्या ट्यूबा आणि डब्या एका पिशवीत टाकून न्या, रिकाम्या असल्या तरी न्या, मैत्रिणीकडून घेतलेल्या पण. तिला रागावू नका, नाहीतर एखादी ट्यूब दप्तरातच राहील आणि बहुतेक तीच डॉक्टरांनी बघायला हवी असलेली निघेल.